मदत हवी आहे: आंजर्ल्याच्या खाडीवरचा चिखल्या, लेसर की ग्रेटर सँड प्लव्हर?

काल सकाळी ओहोटीला आंजर्ल्याच्या खाडीवर, जोग नदीच्या मुखाशी गेलो होतो. मार्चअखेर असल्यामुळे पिसांना रंग चढायला लागलेत आणि केंटिश चिखल्यांच्या (किनाऱ्यावरचे छोटे पक्षी) घोळक्यात एक थोडा मोठा दिसला, छातीवर विटकरी पट्टा, डोळ्यापाशी काळं, पाय हिरवट राखाडी. चार पावलं धावायचा, थबकायचा, मग चिखलातून किडा रबरासारखा ताणून ओढायचा, किती वेळ बघत बसलो कळलंच नाही!

पुस्तकात बघितलं, मर्लिन या पक्षी ओळखायच्या ॲपला फोटो दिला तर ते दोन्ही नावं दाखवतंय. ग्रेटरची चोच लांब, म्हणजे चोचीच्या बुडापासून डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंतच्या अंतरापेक्षा जास्त, हे माहितीये पण माझ्या फोटोत पक्ष्याने मान तिरकी केलीये त्यामुळे मोजमाप पटत नाही. उडतानाचा फोटो नाही, आवाज ऐकला नाही.

स्कोप (स्टँडवरची मोठी दुर्बीण) नाहीये, ८ बाय ४२ची दुर्बीण आणि ३०० एमएमची लेन्स आहे. चाळीसेक मीटरच्या आत जाणार नाही, लांबच्या प्रवासाआधी खाऊन घेतायत बिचारे, त्यांना उठवायचं नाही. लेसरच्या आता सायबेरियन आणि तिबेटन अशा दोन वेगळ्या जाती केल्यात, त्यातही सध्या शिरायचं नाहीये.

शनिवारी परत जातोय. एवढ्या अंतरावरून चोच सोडून नक्की कशावर भरवसा ठेवू, छातीच्या पट्ट्याची रुंदी की उडताना शेपटीबाहेर येणारे पाय?