मदत हवी आहे : कोकुल्लोची सापांची मिरवणूक
नमस्कार मंडळी. १ मे रोजी इटलीत आब्रुत्सोमधल्या कोकुल्लो गावी जायचं ठरतंय. तिथे संत दोमेनिकोच्या मूर्तीवर जिवंत, बिनविषारी साप सोडून मिरवणूक काढतात. सासूबाई बत्तीस शिराळ्याच्या, त्यामुळे त्यांनी ऐकल्यापासून धोशाच लावलाय! शिवाय चर्चमधल्या घंटेची साखळी दातांनी ओढली की दातदुखी होत नाही म्हणे. तेही त्यांना करायचंय (कवळी आहे, पण कोण सांगणार).

मुक्काम जवळच्या सुल्मोना शहरात ठेवून सकाळच्या रेल्वेने जावं का? गावातल्या अरुंद चढावर, गर्दीत, सत्तरीच्या बाईंना कुठे टेकायला मिळेल? मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) चालू असताना आपण मागे बसलं तर चालतं ना? जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा.