सोप्रानोचा आवाज सुंदर असायलाच हवा का?

तारषड्ज
इटालियन संगीतकार व्हेर्दीच्या 'ला त्राव्हियाता' या ऑपेरात, म्हणजे गाऊन सादर होणाऱ्या नाटकात, शेवटच्या अंकात नायिका व्हायोलेटा 'आदिओ देल पासातो' हे गाणं गाते. ते संपतं वरच्या ए सुरावर, आणि स्वरलिपीत त्या सुरापाशी व्हेर्दीने लिहून ठेवलंय 'उन फिल दि व्होचे', म्हणजे आवाजाचा एक धागा. बाई क्षयाने मरायला टेकलेली आहे, दोन पावलं चालली तरी धाप लागते. आता मारिया कॅलास या गायिकेचं लंडनच्या कोव्हेंट गार्डनमधलं जून १९५८ चं ध्वनिमुद्रण ऐका. तो ए बारीक होत जातो, कापरा होतो, एका क्षणी आता तुटला असं वाटून आपलाच श्वास अडकतो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी पुढचं काही ऐकूच शकलो नाही. मागे जाऊन तेवढाच सूर चार वेळा ऐकला.

हे सांगितलं की ठरलेलं उत्तर येतं: "पण तिचा आवाज कर्कश होता, वरचे सूर हलायचे." हो, हलायचे. मधल्या पट्टीत बाटलीत तोंड घालून गावं तसा घुमटलेला नादही होता. माझं म्हणणं एवढंच की सुंदर आवाज ही सोप्रानोची, म्हणजे सगळ्यात वरच्या पट्टीत गाणाऱ्या गायिकेची, पहिली अट नव्हे. खुद्द व्हेर्दीलाही तसं वाटत नव्हतं. १८४८ साली नेपल्समध्ये त्याच्या 'मॅकबेथ' या ऑपेराचा प्रयोग व्हायचा होता. लेडी मॅकबेथसाठी तादोलिनी नावाची नामांकित गायिका ठरली, तर व्हेर्दीने पत्र लिहून हरकत घेतली. तिचा आवाज फार स्वच्छ, फार सुरेल आहे, आणि मला तर खरखरीत, घुसमटलेला, काळोखा आवाज हवाय, असं त्याचं म्हणणं. डिसेंबर १९५२ मध्ये मिलानच्या ला स्कालात कॅलास ही भूमिका गायली, तेव्हा त्या पत्रातला आवाज लोकांना ऐकायला मिळाला.

तुम्हाला काय वाटतं?

निशिगंध
तारषड्ज, ते पत्र मलाही माहीत आहे, पण ते एका भूमिकेबद्दल आहे. लेडी मॅकबेथ खुनशी बाई आहे म्हणून तिला तसा आवाज. व्हेर्दीच्या सगळ्या नायिकांना तो नियम कुठून लावता? त्याचीच 'आयडा' घ्या. नायिकेच्या 'ओ पात्रिया मिया' या गाण्यात वरचा सी येतो, आणि तिथे लिहिलंय 'दोल्चे'. गोड. नाईल नदीकाठी रात्री एकटी उभी राहून ती आपला देश आठवते, तो सूर गोडच लागला पाहिजे. ओढूनताणून लागला की देशाची आठवण जाते आणि आपण गाणारीच्या गळ्याची काळजी करत बसतो. लिऑन्टिन प्राइस या सोप्रानोकडून ऐका. अशा ठिकाणी सौंदर्य हाच अर्थ असतो.

आणि मी कॅलासच्या नव्हे, रेनाटा टेबाल्डी या सोप्रानोच्या बाजूची आहे, हे आधीच सांगते. पुच्चिनीच्या 'ला बोएम' या ऑपेरात नायिका मिमी स्वतःबद्दल बारीकसारीक सांगत असते, फुलं शिवते, एकटी जेवते, आणि मग एकदम म्हणते की बर्फ वितळायला लागलं की पहिलं ऊन माझं. 'मा क्वांदो व्हिएन लो ज्जेलो'. सेराफिनने संचालन केलेल्या १९५९ च्या ध्वनिमुद्रणात तिथे ऑर्केस्ट्रा वर येतो आणि त्याच्याबरोबर टेबाल्डीचा आवाज असा उघडतो की खोलीतला उजेड बदलल्यासारखं होतं. ती वेगळा अभिनय करत नाही. आवाजच ऊन होतो. १९५६ ची कॅलासची मिमीही मी ऐकलीय, हुशारीने गायलेली आहे. पण ऊन पडत नाही.

खर्ज
मला दोघींपेक्षा जोन सदरलँड या सोप्रानोबद्दल बोलायचंय, कारण तिच्यावर सरसकट अन्याय होतो. "शब्द कळत नाहीत" म्हणून लोक तिला बाजूला टाकतात. शब्द का कळत नाहीत ते तरी समजून घ्या.

सोप्रानोचा वरचा सी म्हणजे सेकंदाला सुमारे १०४७ कंपनं. आपण बोलतो तेव्हा 'ई' आणि 'आ' वेगळे ओळखू येतात ते तोंडाच्या पोकळीत वेगवेगळे नाद घुमतात म्हणून. 'ई'चा सगळ्यात खालचा नाद साधारण ३०० कंपनांच्या आसपास घुमतो. गायचा मूळ सूरच १०४७ वर असेल तर ३०० पाशी घुमायला काही उरतच नाही! मग गायिका जबडा खाली सोडते आणि पोकळीचा नाद मूळ सुराच्या जवळ नेते. त्यामुळेच माईकशिवाय तिचा आवाज ऑर्केस्ट्राच्या वरून शेवटच्या रांगेपर्यंत जातो. या सौद्यात स्वर बळी जातात आणि सगळ्यांचा थोडाफार 'आ' होतो. हे कॅलासलाही चुकलं नाही, टेबाल्डीलाही नाही. वरच्या पट्टीत कुणाचेच शब्द कळत नसतात, आपल्याला ते आधीपासून पाठ असतात म्हणून कळल्यासारखे वाटतात.

फेब्रुवारी १९५९ मध्ये कोव्हेंट गार्डनला सदरलँड दोनिझेत्तीच्या ऑपेरातली लुचियाची भूमिका गायली आणि एका रात्रीत जगाला माहीत झाली. वेड लागण्याच्या त्या प्रवेशातली तिची फिरत, ट्रिल (दोन शेजारच्या सुरांतली जलद ये-जा), सुरांचा सुटेपणा, सगळं एवढं मोठं शरीर असलेल्या आवाजात. हलक्या आवाजाच्या गायिका असं गातात, पण एवढ्या भरदार आवाजाला ते जमणं दुर्मीळ.

तारषड्ज
खर्ज, विज्ञान मान्य. पण सदरलँडचे शब्द मधल्या पट्टीतही विरघळलेले असतात, तिथे ३०० कंपनांची सबब चालत नाही. आणि ती आधी अशी नव्हती. १९६० च्या 'द आर्ट ऑफ द प्रिमा डोना' या तिच्या ध्वनिमुद्रिका-संचात शब्द बरेच स्वच्छ आहेत. पुढे नाद गोल ठेवण्यासाठी तिने ते सोडून दिले असं मला वाटतं. माझी तक्रार तीच आहे.

श्रुतिभेद
तुम्ही सगळे एकाच वाड्याच्या खोल्यांवरून भांडताय. मला तो वाडाच नको. एकोणिसाव्या शतकातल्या थिएटरांसाठी तयार झालेला हा मोठा, सतत कंप पावणारा आवाज मला मुळातच जड होतो.

पर्सेलच्या 'डायडो अँड ईनियस' या त्याआधीच्या ऑपेराचं घ्या. शेवटी डायडो मरताना गाते, खाली पाच बारचा (तालाच्या पाच आवर्तनांचा) बास, म्हणजे खालच्या सुरांची ओळ, अर्ध्याअर्ध्या सुरांनी उतरत राहतो, परत परत तोच. वर ती म्हणते 'रिमेंबर मी', आणि हे शब्द सुरुवातीला एकाच सुरावर येतात. सजावट नाही, हलणं नाही. १९५२ च्या सुमारास कर्स्टन फ्लॅगस्टाड या सोप्रानोने ही भूमिका ध्वनिमुद्रित केली. तेव्हा ती पन्नाशीच्या पुढे होती, जर्मन संगीतकार वॅग्नरच्या नायिका गाऊन कमावलेला अफाट आवाज. १९८१ मध्ये एमा कर्कबीने केली, सरळ, जवळजवळ न कापणारा, पाण्यासारखा आवाज. फ्लॅगस्टाडचा 'रिमेंबर मी' ऐकताना मला पुतळा दिसतो. कर्कबी ऐकताना कुणीतरी माझ्याच खांद्यावर हात ठेवून सांगतंय असं वाटतं.

जुनी तबकडी
श्रुतिभेद, कंप हा दोष नव्हे. तयार गळ्यात तो सेकंदाला पाच ते सात वेळा आपोआप येतो, दाबून ठेवायलाच कष्ट पडतात. आणि फ्लॅगस्टाडला पुतळा म्हणू नका हो. पुतळा रडत नाही. तिच्या त्या 'रिमेंबर मी'त विनवणी नाही, राणी आहे, आज्ञा करते. डायडो राणीच होती ना?

बाकी सगळ्यांसाठी एक गोष्ट. आपण तबकड्यांवरून मतं बनवतोय. माईक लहान आवाजाला मोठा करतो आणि मोठ्या आवाजाला पिंजऱ्यात घालतो. ज्यांनी बिर्गिट निल्सन या सोप्रानोला थिएटरात ऐकलं ते सांगतात की तबकडीत तिचा अर्धाच आवाज आलाय. शिवाय तबकडीत काय काय होतं बघा: फुर्टवेंग्लरने संचालन केलेल्या, वॅग्नरच्या 'ट्रिस्टान'च्या १९५२ च्या ध्वनिमुद्रणात फ्लॅगस्टाडचे वरचे सी तिने गायलेलेच नाहीत, ते एलिझाबेथ श्वार्झकोफ या दुसऱ्या सोप्रानोने गाऊन दिलेत. मला त्याने फ्लॅगस्टाड कमी वाटत नाही. पण कान कशाचा न्याय करतायत हे माहीत असावं.

निशिगंध
श्वार्झकोफचं नाव निघालंच आहे तर तारषड्जना विचारते. तुम्हाला शब्द महत्त्वाचे, अर्थ महत्त्वाचा. मग संगीतकार रिचर्ड स्ट्राउसच्या 'फोर लास्ट साँग्ज' या चार गाण्यांचं श्वार्झकोफचं १९६५ चं ध्वनिमुद्रण तुमचं आवडतं असणार. एकेक शब्द तिने रंगवलाय. मागे तुम्हीच इथे लिहिलं होतं की ते तुम्हाला सहन होत नाही, आणि जेसी नॉर्मन या सोप्रानोचं आवडतं. नॉर्मन तर त्यातलं शेवटचं गाणं, 'इम आबेंडरोट', जवळजवळ दहा मिनिटं लांबवते, निव्वळ नादाच्या जोरावर! म्हणजे स्ट्राउसमध्ये तुम्ही माझ्याच बाजूचे झालात की.

तारषड्ज
प्रश्न अडचणीचा आहे. दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण दोन्ही पुन्हा ऐकत होतो.

श्वार्झकोफ ऐकताना मला गाण्याआधी तिचा निर्णय ऐकू येतो. 'मी हा शब्द असा म्हणणार आहे', आणि मग शब्द येतो. ओळ तुटते. कॅलासमध्ये शब्द ओळीच्या आतून येतो, सूर चालू असतानाच रंग बदलतो, कुठे बदलला ते बोट ठेवून दाखवता येत नाही. आणि नॉर्मनबद्दल तुमचं खरं आहे. ते शेवटचं गाणं म्हातारपणी हातात हात घालून सूर्यास्त बघणाऱ्या दोघांचं आहे. ती एवढा दीर्घ श्वास घेते की मी शब्दांकडे लक्षच देत नाही, आणि मला त्याची खंतही वाटत नाही. तेव्हा 'शब्द आधी' हे माझं म्हणणं जसंच्या तसं टिकत नाही. 'सौंदर्य आधी' हे तरीही मी म्हणणार नाही.

निशिगंध
पण कॅलासचा तो ए सुद्धा ठरवलेलाच होता. तिच्याइतकी तालीम करणारी गायिका विरळा. १९५३ च्या स्टुडिओतल्या 'त्राव्हियाता'त तिचा आवाज चांगला भरलेला आहे. पाच वर्षांत गळा थकला आणि थकलेल्या गळ्याला तिने भूमिकेत जागा करून दिली. यात मोठेपणा आहे, मान्य. पण तुम्ही त्याला सत्य म्हणता आणि टेबाल्डीच्या निरोगी सुराला नुसतं सुंदर म्हणता, ते मला मान्य नाही. निरोगी आवाजाने मरणारी बाई गायली तर ती खोटी कशी?

तारषड्ज
खोटी म्हणालो नव्हतो. पण मला तिच्या मरणाची भीती वाटत नाही, हे मात्र खरं आहे. कॅलासच्या वेळी वाटते. गाणं संपेपर्यंत ती जगेल का, असं.

निशिगंध
काल रात्री तुमचं लंडनचं ध्वनिमुद्रण लावलं. तो ए मला अजूनही कमी पडलेलाच वाटतो, सूर नीट उभा राहत नाही. तेवढाच ऐकून बंद करणार होते. पडदा पडेपर्यंत बसून राहिले.