सर म्हणतात एकाच घराण्याचं ऐक, पण कान ऐकत नाहीत

कोमलऋषभ:

नमस्कार मंडळी. मी पुण्यात एम.ए. संगीताच्या पहिल्या वर्षाला आहे, विषय गायन, मूळची बार्शीची. एक प्रश्न विचारायचाय, पण आधी थोडं पाल्हाळ लावते, नाहीतर तो अर्धवट कळेल.

मी ज्यांच्याकडे शिकते ते सर जयपूर-अत्रौली घराण्याचे. विभागात तास होतात ते वेगळे, खरी तालीम त्यांच्या घरी. यंदा त्यांनी फर्मान काढलंय की पुढची दोन वर्षं जयपूरखेरीज काही ऐकायचं नाही. केसरबाई, मोगूबाई, मल्लिकार्जुन मन्सूर, धोंडूताई, किशोरीताई. एवढ्यावर आयुष्य निघेल म्हणतात, आणि ते खरंही आहे. किराणा घराणं नको, आग्रा नको, आणि "ते तुझं कानात बोळे घालून चाललेलं असतं ते" तर मुळीच नको.

ही नुसती हौस नाही, त्यांच्याकडे पुरावा आहे. गेल्या महिन्यात भूप राग चालला होता. आदल्या रात्री मी किराण्याच्या, मिरजेत राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांची जुनी ध्वनिमुद्रणं ऐकत पडले होते, डोळा लागेपर्यंत. सकाळी बंदिश धरली, दोन आवर्तनं झाली, आणि गंधारावर जरा जास्त रेंगाळले. सरांनी तंबोऱ्यावरचा हात न काढता विचारलं, "काल मिरजेला जाऊन आलीस का?"

ज्यांना यातलं फार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. भूपात गंधार वादी, म्हणजे रागाचा मुख्य सूर, त्यामुळे तिथे थांबणं चूक नाही. पण जयपूरला एका सुरावर तंबू ठोकून बसत नाहीत. आकारात एक फिरत निघाली की ती पुढच्या फिरतीला जन्म देत देत समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर येते, आणि लय सगळा वेळ आतून चालू असते. मी त्या दिवशी लय सोडून सुरात बुडाले होते. मला स्वतःला ते छानच वाटत होतं, हीच पंचाईत!

आता माझे कान. वडील भजनी मंडळात गातात, चढ्या पट्टीत, पखवाजाच्या वर आवाज काढून. रूपाच्या अभंगापासून भैरवीपर्यंतचा सगळा क्रम मला शाळेत जायच्या आधीपासून पाठ. आजही टाळ ऐकू आले की पायच आधी हलतात. कॉलेजात नाट्यसंगीताचं वेड लागलं. मग जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचं. जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांत अख्खा राग उभा करायचा म्हणजे काय ताकद लागत असेल! आणि शेवटी गाणाऱ्या बाईने ठसक्यात आपलं नाव सांगायचं. मी त्या नावांवर फिदा आहे. कुमारजी (कुमार गंधर्व) तर आहेतच. रूममेट फिजिक्सवाली, तिच्यामुळे मराठी रॅप. त्यातली काही पोरं शब्द मात्रेच्या अलीकडे-पलीकडे अशी टाकतात की आग्र्याच्या बोलबांटवाल्यांनी (बंदिशीचे शब्द लयीत वाटून गाणाऱ्यांनी) मान डोलवावी. (हे सरांसमोर बोलले नाही. एवढी अक्कल आहे.) हल्ली तिनेच बाखचं फ्यूग ऐकवलं. एकच धून एक आवाज सुरू करतो, ती संपते न संपते तोच दुसरा तीच दुसऱ्या सुरावरून उचलतो, मग तिसरा. पहिल्यांदा ऐकताना षड्ज कुठे आहे तेच कळेना, चक्कर आल्यासारखं झालं. आता व्यसन लागलंय.

बाकी दिनक्रम म्हणाल तर संगीताची विद्यार्थिनी म्हणजे तंबोऱ्याशेजारी फूल माळून बसलेली बाई, असं आमच्या मावशीला वाटतं. प्रत्यक्षात सकाळी सहाच्या आत आणि रात्री नऊनंतर गायचं नाही ही घरमालकीणबाईंची अट, त्यामुळे खर्जाचा रियाज गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे, फोनवरच्या तंबोऱ्यावर. विभागात खरा तंबोरा मिळतो, काळी चारला, म्हणजे माझ्या पट्टीला लावलेला. पण आधीच्या पोराने काळी एकला उतरवून ठेवलेला असतो. मग जवारीचा दोरा सरकवण्यात तासातली वीस मिनिटं जातात. दुपारी शास्त्राचे पेपर. श्रुती, ग्राम, मूर्च्छना. शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' तेराव्या शतकात देवगिरीला, यादवांच्या पदरी असताना लिहिला, हे मला एम.ए.ला आल्यावर कळलं. शाळेची सहल दौलताबादला गेली होती तेव्हा मास्तरांनी तोफ दाखवली, अंधारी दाखवली, चांदमिनार दाखवला. याचं नाव नाही.

तर प्रश्न असा. बाकीचं ऐकल्याने गळा खरंच बिघडतो का? की सरांना कानापेक्षा माझ्या चंचलपणाची काळजी आहे? जे कुणाकडे बसून शिकलेत त्यांनी सांगा. "सगळं संगीत एकच असतं" हे कृपया नको, ते मला येताजाता ऐकायला मिळतं.

ठेकानाना:

आम्ही तबलेवाले, आम्हाला असलं सोवळं परवडत नाही. आज किराण्याच्या बाई, उद्या ग्वाल्हेरचे बुवा. विलंबित एकतालाच्या मात्रा बाराच, पण किराण्याच्या अतिविलंबितात एकेका मात्रेत चार चार भरायच्या, म्हणजे हाताला अठ्ठेचाळीसचा हिशोब. तुमच्या जयपूरवाल्यांना तीनताल लागतो, तोही बऱ्यापैकी चालता. तिथे मी किराण्याच्या सवयीने सैल सोडला की गाणारा मागे वळून बघतो. ती नजर सहन करून सांगतो, तुमच्या सरांचं बरोबर आहे. सवय हातात उतरते, डोक्याला विचारत नाही.

पण आम्ही सगळं ऐकतो ते कसं? वाजवताना ऐकतो. नुसतं लोळून ऐकत नाही. लोळून ऐकलेलं जास्त आत जातं असा माझा अनुभव. तेव्हा ताई, झोपताना जयपूर लावा आणि दिवसा, ताठ बसून, करीम खाँसाहेब. रॅपबद्दल मात्र सहमत. माझा पुतण्या करतो. समेवर येत नाही, पण येणार येणार असं वाटायला लावतो.

करवीरकर:

बाळ, तुझं लिखाण वाचून बरं वाटलं. मी गवई नव्हे. कोल्हापुरात देवल क्लब या संगीतसंस्थेत खुर्च्या मांडण्यापासून सुरुवात केलेला ऐकणारा आहे, वय पंचाहत्तरच्या पुढे.

तुझ्या सरांनी नवीन काही सांगितलेलं नाही. पूर्वी हे सांगावं लागत नसे, कारण ऐकायला दुसरं मिळतच नसे. शिष्य गुरूच्या घरी पाणी भरी, तंबोरा धरी, आणि चोवीस तास त्या एकाच गळ्याचा आवाज त्याच्या कानावर पडे. आता तुझ्या खिशात सगळी घराणी एकदम बसलीत, म्हणून जे आपोआप होई ते हुकमाने करावं लागतं. दोन वर्षं म्हणजे काही वनवास नव्हे.

अल्लादिया खाँसाहेबांचंच घे. घराणं मूळचं ध्रुपदियांचं. ऐन उमेदीत आवाज बसला, बराच काळ गाणंच बंद, आणि पुन्हा लागला तो पहिल्यासारखा नाहीच. त्या बदललेल्या गळ्याला झेपेल, शोभेल अशी गायकी त्यांनी घडवली, ती आज तू शिकतेस. इतक्या कष्टाने उभी केलेली चीज अंगात मुरायची तर भांड्यात आधीचं काही नको. सर सांगतात तसं कर.

मंद्रातली:

करवीरकरकाका, आदर ठेवून थोडं वेगळं बोलते. त्याच घराण्यातलं उदाहरण आहे. खाँसाहेबांचे चिरंजीव मंजी खाँ ग्वाल्हेरच्या रहिमत खाँच्या गाण्याने भारावलेले होते. घरात अल्लादिया खाँ असताना! आणि मन्सूर आधी मिरजेला नीलकंठबुवांकडे ग्वाल्हेरची तालीम घेऊन आलेले, मग मंजी खाँ, त्यानंतर भूर्जी खाँ. भास्करबुवा बखल्यांनी तर तीन घराण्यांच्या उस्तादांकडे तालीम घेतली, फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ. भांडं रिकामं कुणाचंच नव्हतं हो.

पण कोमलऋषभ, यातून "बघा, म्हणजे मी काहीही ऐकू शकते" असा अर्थ काढशील म्हणून घाईने पुढचं लिहिते. ही माणसं एकाकडे वर्षानुवर्षं बसून मग दुसरीकडे गेली. एकाच रात्रीत तिघांकडे नाही गेली. तुझा प्रश्न घराण्याचा नाहीच. तू रात्री ऐकतेस आणि सकाळी गातेस, मधे काही नाही. मी एम.ए. करत असताना आमच्या बाईंनी एक सवय लावली. दुसऱ्या कुणाचं ऐकलं की वहीत लिहायचं, गाणाऱ्याने नक्की काय केलं. "छान" हा शब्द बाद. गंधारावर कुठून आला, किती थांबला, सुटला कसा, सम पकडताना बोल कुठला होता. पहिले काही दिवस एक ओळ लिहायला अर्धा तास लागतो. पण लिहून काढलेली जागा गळ्यात चोरपावलांनी येत नाही. यायचीच झाली तर तुला विचारून येते.

आणि एक व्यवहाराचं, जे विद्यापीठात कुणी बोलत नाही. मी आता एका शाळेत संगीत शिकवते, संध्याकाळी घरी क्लास घेते, प्रवेशिका ते मध्यमा परीक्षांच्या पोरी. प्राध्यापकीसाठीची नेट परीक्षा झालीय, पण कॉलेजातल्या जागा निघतील तेव्हा निघतील. माझं घर चालतं ते शाळेच्या प्रार्थनेवर, गॅदरिंगच्या गाण्यांवर, गणपतीत बसवलेल्या भजनांवर आणि लग्नाआधी "चार गाणी बसवून द्या" म्हणणाऱ्या आयांवर. सावनी आणि खोकर असले जयपूरचे अनवट राग कुणी मागत नाही. तुझ्या वडिलांचं भजन तुझ्या गळ्यात आहे ते कुणाच्याही सांगण्यावरून पुसू नकोस. ते चढ्या पट्टीतलं मोकळं गाणं मला तिशीनंतर शिकावं लागलं, आणि अजून गळा आवळतोच.

करवीरकर:

मंद्रातली, मन्सूरांचं मान्य. भास्करबुवांचंही. पण ते भास्करबुवा होते. नियम तुमच्या आमच्यासाठी असतात.

फक्त_श्रोता:

मधे तोंड घालतो. केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानातून अवकाशात गेली, त्याच तबकडीवर बाखही आहे. म्हणजे जयपूर आणि बाख शेजारी शेजारी बसून कधीच आंतरतारकीय अवकाशात पोचलेत. सरांना सांगून बघा.

कोमलऋषभ:

फक्त_श्रोता, सांगितलं! सर म्हणाले, "केसरबाई गाऊन मग गेल्या. तू आधी गा." पुढे बोलायची सोय राहिली नाही.

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचं "खिशात सगळी घराणी" हे पटलं, त्यावर वाद नाही. पण भांडं रिकामं करणं मला जमणार नाही, कारण त्यात तळाशी वडील आहेत. मंद्रातलीताई म्हणतात ते वहीचं करून बघतेय. सुरुवात त्याच तबकड्यांपासून केली. ऐकायला तीन मिनिटं, लिहायला अख्खी दुपार. त्यात एक गंमत हाती लागली. मला वाटत होतं करीम खाँसाहेब गंधारावर थांबतात. थांबत नाहीत. खालून, रिषभाला जेमतेम स्पर्श करून, इतक्या सावकाश वर येतात की पोचायलाच वेळ लागतो, आणि पोचले की लगेच निघतात. मी सकाळी जे केलं ते नुसतं गंधारावर बसणं होतं. म्हणजे ते धड किराणाही नव्हतं. सरांना वही दाखवली. त्यांनी चष्मा लावून पूर्ण पान वाचलं, एका ठिकाणी पेन्सिलीने मात्रा दुरुस्त केली (त्यांना ती तबकडी तोंडपाठ आहे, हे मला कधी कळावं!) आणि वही परत देताना एवढंच म्हणाले की पुढचं पान मोगूबाईंचं पाहिजे.

तेव्हा सध्या असं ठरवलंय: दिवसा जे काही परकं ऐकेन ते वहीत, रात्री फक्त जयपूर. रॅप बसमध्ये, त्याला वही नाही. बाखचं कसं लिहायचं ते अजून कळत नाही, चार आवाज एकदम सरगमीत मांडायचे म्हणजे पान आडवं धरावं लागेल. कुणी करून पाहिलं असेल तर सांगा.

ठेकानाना, तुमच्याकडे जयपूरवाल्यांना लागतो त्या लयीतला तीनताल वाजवून ठेवलेला असेल तर पाठवाल का? काळी चारला. फोनवरचा ठेका अगदी घड्याळासारखा पडतो, आणि सर म्हणतात त्या ठेक्यावर बसून तुला चालती लय कधी कळणार नाही.

ठेकानाना:

काळी चारचा तबला घरी आहे. रविवारी सकाळी शेजारी उठायच्या आत वाजवून पाठवतो. अर्धा तास सलग देतो, मधे तिहाई (तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा) मारणार नाही, मोह आवरतो. आणि बाखचं कळलं तर मलाही सांगा.