१७९१ ची हक्कांची सनद अमेरिकेतील राज्यांना बंधनकारक व्हायला इतकी वर्षे का लागली?

प्रश्न

अमेरिकेच्या राज्यघटनेतील पहिल्या १० दुरुस्त्या, म्हणजेच 'बिल ऑफ राइट्स', १५ डिसेंबर १७९१ रोजी संमत झाल्या. भाषणस्वातंत्र्य, धर्मस्वातंत्र्य, घरझडतीपासून संरक्षण, ज्यूरीपुढे खटला चालवून घेण्याचा हक्क हे सारे त्यात आहे. मात्र या विषयावरील गाजलेले निवाडे पाहिले, तर त्यांतले जवळजवळ सगळे १९२५ नंतरचे निघतात. दरम्यानच्या काळात मॅसॅच्युसेट्समध्ये १८३३ पर्यंत चर्चसाठी कर घेतला जात होता आणि गुलामगिरीविरोधी मजकूर पसरवणे हा दक्षिणेकडील अनेक राज्यांत गुन्हा होता. मग सव्वाशे वर्षे ही सनद कागदावरच होती, की न्यायालयांनी तिच्याकडे डोळेझाक केली? राज्यांना नागरिकांच्या हक्कांवर गदा आणण्यास मनाई करणाऱ्या चौदाव्या दुरुस्तीमुळे चित्र पालटले असे सांगितले जाते. पण ती दुरुस्ती १८६८ ची आहे. त्यानंतरची पन्नास-साठ वर्षे कशात गेली, हे जाणकारांनी उलगडून सांगावे.

प्रतिसाद १ : सनद राज्यांसाठी नव्हतीच

डोळेझाक म्हणता येणार नाही, कारण मुळात ही सनद राज्यांसाठी लिहिलेलीच नव्हती. पहिल्या दुरुस्तीची सुरुवातच 'काँग्रेसने (म्हणजे केंद्रीय संसदेने) असा कोणताही कायदा करू नये' अशी आहे. १७८७ च्या घटनेला विरोध करणाऱ्यांना भीती होती ती नव्याने उभ्या राहणाऱ्या, दूर बसून कारभार करणाऱ्या केंद्रसत्तेची. आपापल्या राज्याची विधिमंडळे त्यांना घरची वाटत होती आणि बहुतेक राज्यांच्या घटनांमध्ये हक्कांची यादी होतीच. जेम्स मॅडिसन मात्र वेगळा विचार करत होता. सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य, वृत्तपत्रस्वातंत्र्य आणि फौजदारी खटल्यातील ज्यूरी या तीन गोष्टींवर राज्यांनाही घाला घालता येऊ नये, अशी दुरुस्ती त्याने १७८९ मध्ये सुचवली होती. आपल्या यादीतली सर्वांत मोलाची दुरुस्ती तो हीच मानत असे. प्रतिनिधिगृहाने ती उचलून धरली, सेनेटने ती वगळली, आणि प्रश्नकर्त्यांना पडलेल्या कोड्याचे मूळ तिथे आहे.

यावर शिक्कामोर्तब झाले ते १८३३ च्या 'बॅरन विरुद्ध बाल्टिमोर' खटल्यात. जॉन बॅरन याचा बाल्टिमोर बंदरात धक्का होता आणि तिथले पाणी खोल असल्याने मोठी जहाजे थेट त्याच्या धक्क्याला लागत. शहराने रस्त्यांची कामे करताना ओढ्यांचे प्रवाह वळवले. त्या पाण्याबरोबर आलेली वाळू-माती नेमकी बॅरनच्या धक्क्यापुढे साचत गेली आणि काही वर्षांत तिथे जहाज लागणे अशक्य झाले. खालच्या न्यायालयाने त्याला ४,५०० डॉलर भरपाई दिली, वरच्या न्यायालयाने ती रद्द केली. तेव्हा बॅरन पाचव्या दुरुस्तीचा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेला, कारण सार्वजनिक कामासाठी खासगी मालमत्ता घेतल्यास रास्त भरपाई द्यावी, असे ती दुरुस्ती सांगते. सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी हा प्रश्न मोठ्या महत्त्वाचा असला तरी फारसा अवघड नाही असे म्हणून निकाल दिला, की ही बंधने केवळ केंद्र सरकारवर आहेत. बाजू इतकी एकतर्फी वाटली, की शहराच्या वकिलांना युक्तिवाद करण्याचीही गरज न्यायालयाला भासली नाही. त्या वकिलांपैकी एक रॉजर टॅनी होते. मार्शल यांच्यानंतर सरन्यायाधीश झालेले आणि १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट प्रकरणात कृष्णवर्णीयांना नागरिकत्व नाकारणारे टॅनी ते हेच.

केंद्राने तरी ही सनद पाळली का, हे निराळेच. संमतीनंतर सातच वर्षांनी, १७९८ मध्ये, सरकारविरोधी लेखन गुन्हा ठरवणारा राजद्रोहाचा कायदा काँग्रेसने केला. व्हरमाँटचे काँग्रेस सदस्य मॅथ्यू लायन यांना त्याखाली चार महिन्यांचा तुरुंगवास आणि १,००० डॉलर दंड झाला. मतदारांनी त्यांना तुरुंगात असतानाच पुन्हा निवडून दिले.

प्रतिसाद २ : १८६८ नंतर काय झाले

वरील विवेचन बरोबर आहे. मी त्यापुढचा धागा घेतो.

चौदाव्या दुरुस्तीच्या पहिल्या कलमाचा मसुदा ओहायोचे जॉन बिंगहॅम यांनी केला. बॅरनचा निकाल त्यांच्यासमोर होता, आणि 'कोणतेही राज्य' हे शब्द त्यांनी जाणूनबुजून घातले. सेनेटमध्ये मसुदा मांडताना जेकब हॉवर्ड यांनी तर पहिल्या आठ दुरुस्त्यांमधील हक्क राज्यांनाही बंधनकारक होतील, असे उघडपणे सांगितले होते. म्हणजे हेतू पुरेसा स्पष्ट होता, निदान माझे मत तसे आहे. या मुद्द्यावर इतिहासकारांमध्ये जुना वाद आहे.

सर्वोच्च न्यायालयाने मात्र पाच वर्षांतच त्यातला मुख्य आधार काढून घेतला. लुइझियानाने न्यू ऑर्लिन्स परिसरातील कत्तलखान्यांचा मक्ता एकाच कंपनीला दिला होता आणि त्याविरुद्ध तिथले खाटीक न्यायालयात गेले होते. १८७३ च्या या 'स्लॉटर-हाउस' खटल्यांत पाच विरुद्ध चार मतांनी ठरले, की चौदावी दुरुस्ती संरक्षण देते ते फक्त 'संघराज्याचा नागरिक' म्हणून मिळणाऱ्या विशेषाधिकारांना. आणि ते कोणते, तर बंदरांचा वापर, राजधानीपर्यंत जाण्याची मुभा, भर समुद्रात सरकारचे संरक्षण असे तुटपुंजे. ज्या हक्कांसाठी यादवी युद्धानंतर एवढा खटाटोप झाला, ते सगळे पुन्हा राज्यांच्या पदरात पडले.

तरीही माझ्या मते त्याहून घातक निकाल १८७६ चा 'क्रुकशँक' हा होय. १८७३ च्या ईस्टरच्या रविवारी लुइझियानातील कोलफॅक्स येथे गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने डझनावारी कृष्णवर्णीयांची हत्या केली, आणि त्यांतल्या अनेकांना शरण आल्यानंतर मारले. केंद्राने दोषींवर खटला भरला. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की सभेचे आणि शस्त्र बाळगण्याचे हक्क केवळ केंद्र सरकारविरुद्ध आहेत, तर चौदावी दुरुस्ती राज्यांच्या कृतीला लागू होते, खासगी व्यक्तींच्या नव्हे. आरोपींची शिक्षा टिकली नाही. दक्षिणेतील दहशतीला यातून काय संदेश गेला असेल, हे सांगायला नको.

गंमत, तीही कडवट, पुढे आहे. सनदेतला हक्क राज्याविरुद्ध सर्वप्रथम मान्य झाला तो १८९७ मध्ये, चौदाव्या दुरुस्तीतल्याच 'रीतसर कायदेशीर प्रक्रियेविना मालमत्ता हिरावू नये' या भागाच्या आधारे, आणि तोही शिकागोच्या एका रेल्वे कंपनीच्या खटल्यात. बॅरनने मागितलेली मालमत्तेची रास्त भरपाई हाच तो हक्क. भाषणस्वातंत्र्याला आणखी २८ वर्षे थांबावे लागले.

प्रतिसाद ३ : हक्क लागू होणे आणि हक्काला अर्थ असणे

दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, परंतु सारा दोष 'राज्यांना लागू नव्हते' या एका कारणावर टाकणे मला पटत नाही. केंद्राला तर पहिली दुरुस्ती पहिल्या दिवसापासून लागू होती. तरीही १९१८ मध्ये समाजवादी नेते यूजीन डेब्ज यांना ओहायोतील कँटन येथे केलेल्या युद्धविरोधी भाषणासाठी १० वर्षांची शिक्षा झाली आणि मार्च १९१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती एकमताने कायम केली. डेब्ज यांनी १९२० ची अध्यक्षपदाची निवडणूक तुरुंगातून लढवली आणि नऊ लाखांहून अधिक मते मिळवली.

डेब्ज यांचा निकाल न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी लिहिला. त्याच महिन्यात सैन्यभरतीविरोधी पत्रकांवरून झालेल्या शेंक खटल्यात 'स्पष्ट आणि तात्काळ धोका' ही कसोटी त्यांनीच मांडली होती, आणि तीही आरोपीला दोषी ठरवताना. नोव्हेंबरमध्ये एब्रम्स खटला आला. न्यूयॉर्कमध्ये इमारतीवरून पत्रके फेकणाऱ्या स्थलांतरितांना २० वर्षांपर्यंतच्या शिक्षा झाल्या होत्या. या वेळी होम्स यांनी न्यायमूर्ती ब्रँडाइस यांच्यासह विरोधी मत नोंदवले आणि विचारांची परीक्षा विचारांच्या खुल्या स्पर्धेतच होते, अशी भूमिका घेतली. आठ महिन्यांत एवढा बदल! कायद्याचा शब्द तोच होता. त्याकडे पाहणारा माणूस बदलला होता.

१९२५ चा गिटलो निवाडाही तसाच विचित्र आहे. भाषणस्वातंत्र्य राज्यांविरुद्धही संरक्षित आहे असे आपण 'गृहीत धरतो', एवढे एक वाक्य लिहून न्यायालयाने क्रांतीचे आवाहन करणारा मजकूर छापल्याबद्दल न्यूयॉर्क राज्यात दोषी ठरलेले बेंजामिन गिटलो यांची शिक्षा कायम केली. तत्त्व जिंकले, माणूस हरला. खरा लाभ दिसला तो १९३१ च्या 'निअर विरुद्ध मिनेसोटा' खटल्यात. निअर यांचे साप्ताहिक ज्यूद्वेष्टे होते आणि त्याची बाजू घ्यावी असे त्यात फारसे काही नव्हते. तरीही प्रकाशनापूर्वीच वृत्तपत्र बंद पाडता येणार नाही, असे पाच विरुद्ध चार मतांनी ठरले.

मूळ प्रश्नकर्ता

तिन्ही प्रतिसादांबद्दल आभार. एक उपप्रश्न राहतो. एकदा भाषणस्वातंत्र्य राज्यांना लागू झाल्यावर उरलेली सनदही एका फटक्यात लागू का झाली नाही? आणि आज ती सगळी लागू आहे का?

प्रतिसाद ४ : एकेक हक्क, एकेक खटला

एका फटक्यात लागू करावी असे न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांचे म्हणणे होतेच. १९४७ च्या अ‍ॅडमसन खटल्यातील त्यांचे विरोधी मत त्यासाठीच ओळखले जाते. पण त्यांना बहुमत कधीच मिळाले नाही. न्यायालयाने १९३७ च्या पाल्को खटल्यातली वाट धरली. ज्या हक्कांवाचून सुव्यवस्थित स्वातंत्र्याची कल्पनाच करता येत नाही, तेवढेच राज्यांना बांधतील, अशी ती कसोटी. फ्रँक पाल्को याला आधी जन्मठेप झाली होती. कनेटिकट राज्याने अपील करून खटला पुन्हा चालवला आणि त्याला फाशीची शिक्षा सुनावली गेली. एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला नको हा हक्क त्या यादीत बसत नाही, असे न्यायालयाने म्हटले आणि १९३८ मध्ये त्याचा मृत्युदंड अमलात आला. तोच हक्क १९६९ मध्ये राज्यांना लागू झाला.

वेग आला तो १९६० च्या दशकात, अर्ल वॉरन सरन्यायाधीश असताना. १९६१ मध्ये मॅप खटल्याने बेकायदा झडतीत मिळालेला पुरावा राज्यांच्या न्यायालयांतूनही बाद केला. दोन वर्षांनी गिडियन खटला आला. फ्लोरिडातील पनामा सिटी येथे एका पूल हॉलमध्ये (बिलियर्ड्ससारखा खेळ खेळण्याच्या जागी) चोरीच्या इराद्याने शिरल्याचा आरोप क्लॅरेन्स गिडियन यांच्यावर होता. मृत्युदंडाची शक्यता नसल्यास सरकारी खर्चाने वकील देता येत नाही, असे न्यायाधीशांनी सांगितल्याने गिडियन यांनी स्वतःच साक्षीदारांची उलटतपासणी घेतली आणि पाच वर्षांची शिक्षा ओढवून घेतली. तुरुंगाच्या आखीव कागदावर पेन्सिलने लिहिलेला त्यांचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने स्वीकारला आणि १९४२ चा स्वतःचा निकाल एकमताने फिरवला. विशेष म्हणजे वीसहून अधिक राज्यांनी गिडियन यांच्या बाजूने म्हणणे मांडले होते. फेरखटल्यात वकील मिळाला आणि ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडले.

आजही यादी पूर्ण नाही. अवाजवी दंडाविरुद्धचे संरक्षण २०१९ मध्ये लागू झाले. गंभीर गुन्ह्यात दोषी ठरवण्यासाठी ज्यूरीचे एकमत हवे, हे २०२० च्या रामोस खटल्यात ठरले. तोवर लुइझियाना आणि ओरेगॉन या दोन राज्यांत बारापैकी दहा मतांवर माणूस तुरुंगात जाऊ शकत होता. एकमत नसले तरी चालण्याचा लुइझियानाचा नियम १८९८ चा, ज्यूरीत येणाऱ्या मोजक्या कृष्णवर्णीयांचे मत निष्प्रभ करण्यासाठी केलेला. पुढच्याच वर्षी मात्र न्यायालयाने सांगितले, की ज्यांची अपिले आधीच संपली आहेत, त्यांना या निकालाच्या आधारे केंद्रीय न्यायालयांत दाद मागता येणार नाही.

मोठ्या गुन्ह्याचा खटला ग्रँड ज्यूरीच्या, म्हणजे खटला भरण्याइतका पुरावा आहे का हे आधी पाहणाऱ्या नागरिकांच्या मंडळाच्या, आरोपपत्रानेच सुरू व्हावा, हा पाचव्या दुरुस्तीतील हक्क अजूनही राज्यांना लागू नाही. १८८४ चा 'हुर्टाडो विरुद्ध कॅलिफोर्निया' हा निकाल त्या मुद्द्यावर आजही कायम असल्याने अनेक राज्यांत सरकारी वकील स्वतःच आरोपपत्र दाखल करतात. दिवाणी दाव्यात ज्यूरी मिळण्याचा सातव्या दुरुस्तीतील हक्कही तसाच बाहेर राहिला आहे.