अनुभव धागा : हेदरच्या डोंगरधारेवरचा एक दिवस

ऑगस्ट उजाडला, की ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आपल्या भटक्या मंडळींमध्ये एकच चौकशी सुरू होते : हेदर फुलला का? (हेदर म्हणजे डोंगरमाळांवर पसरणारे जांभळ्या फुलांचे बुटके झुडूप.) ज्यांनी मित्रांबरोबर अशा जांभळ्या धारेवर एखादा दिवस काढला असेल, त्यांनी तो येथे सविस्तर लिहावा, अशी विनंती आहे. वाट चुकली असेल, तर तेही लिहावे. सुरुवात मीच करते.

महाविद्यालयात असताना दर पावसाळ्यात सह्याद्री तुडवणारे आम्ही पाच जण आता बर्मिंगहॅमच्या आसपास विखुरलेलो आहोत. गेल्या उन्हाळ्यात श्रूझबरीला गाडी बदलून आम्ही चर्च स्ट्रेटनला उतरलो आणि कार्डिंग मिलच्या घळीतून लाँग मिंड नावाचा डोंगर चढू लागलो. त्याचा सर्वांत उंच माथा, म्हणजे पोल बँक, ५१६ मीटरचा. कळसूबाई १६४६ मीटर असल्याची आठवण करून देत आमच्यातला एक जण स्टेशनपासून हसत होता. लाइटस्पाउट धबधब्याजवळच्या चढावर त्याचे हसणे आपोआप थांबले.

माथ्यावर पोहोचल्यावर मात्र चढ संपतो आणि रुंद, सपाट धारेवरून नुसते चालत राहायचे असते. दोन्ही बाजूंना गुडघाभर उंचीचा हेदर, त्यात मधमाश्यांची अखंड गुणगुण आणि उन्हात तापल्यावर येणारा मधासारखा वास. पोर्टवे नावाची जी वाट या धारेवरून जाते, ती हजारो वर्षांपासून वापरात आहे असे मानतात. खालची दरी दलदलीची आणि दाट झाडीची असताना माणसे आणि गुरे वरूनच जात असावीत, हे तेथे उभे राहिले की सहज पटते. पश्चिमेचा वारा उतारावर आदळून वर उसळतो आणि त्याच्याच आधाराने बिनइंजिनाची ग्लायडर विमाने आमच्या डोक्यावरून आवाज न करता घिरट्या घालत होती. त्याच वाऱ्याने तिखटमिठाच्या पुऱ्यांची कागदी ताटली उडवली आणि तिच्यामागे धावणाऱ्या दोघांकडे मेंढ्या रवंथ करत पाहत राहिल्या. समोरच्या स्टिपरस्टोन्सच्या धारेवर गारगोटीच्या खडकाचे सुळके दिसतात. त्यांतल्या एकाला सैतानाची खुर्ची म्हणतात आणि त्यावर ढग उतरले, की सैतान घरी आला असे समजतात. त्या दिवशी तो घरी नव्हता.

शेफील्डहून

माझा अनुभव किंडर स्काउटचा आहे. बरोबर कार्यालयातले तिघे इंग्रज मित्र होते आणि त्यांतले साठीचे सद्गृहस्थ हेफील्ड गावाबाहेरच्या एका जुन्या खाणीपाशी मुद्दाम थांबले. २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो तरुण, बहुतेक मँचेस्टर परिसरातले कामगार, येथूनच या डोंगरावर निघाले होते. हेदरचा हा सगळा माळ तेव्हा ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी जमीनदारांनी राखलेला होता आणि इतरांना तेथे पाऊल ठेवायला बंदी होती. राखणदारांशी झटापट झाली आणि पुढे पाच जणांना तुरुंगवास झाला. १९५१मध्ये हा परिसर ब्रिटनमधले पहिले राष्ट्रीय उद्यान झाला, तर इंग्लंड आणि वेल्समधल्या अशा खुल्या माळांवर पायी हिंडण्याचा हक्क कायद्याने मिळाला तो २०००मध्ये. सह्याद्रीत वाट विचारली, तर लोक पाण्याचा तांब्या पुढे करतात, अशा सवयीच्या मला, डोंगरावर चालण्यासाठी कोणी तुरुंगात जावे, हे पचायला वेळ लागला.

किंडरच्या काठाकाठाने हेदर आहे आणि मध्यभागी पीटचा, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या मातीचा, काळा चिखल. छायाचित्रासाठी मी फरसबंद वाट सोडली आणि गुडघ्यापर्यंत रुतलो. मित्रांनी मला ओढून काढले, बूट मात्र आतच राहिला. तो काढायला त्या साठीच्या गृहस्थांनी पोटावर झोपून, एका हाताने हेदरचे झुडूप घट्ट धरून, दुसरा हात खांद्यापर्यंत चिखलात घातला. पुढचे आठ किलोमीटर कोणी त्याविषयी अवाक्षर काढले नाही, आणि खाली पबमध्ये बसल्यावर तिघांनाही हसू आवरेना.

पुण्याहून

कारवी सात वर्षांनी एकदा फुलते, तेव्हा सुट्टी मिळेल की नाही याची धास्ती असते. हेदरचेही असेच काही गणित आहे का?

यॉर्कमधून

नाही, हेदर दरवर्षी फुलतो. गडद रंगाचा बेल हेदर जुलैपासूनच दिसू लागतो. डोंगरच्या डोंगर जांभळे करणारा लिंग हेदर ऑगस्टमध्ये येतो. आमच्या नॉर्थ यॉर्क मूर्स या माळांवर त्या दिवसांत मधमाश्या पाळणारे लोक पेट्या घेऊन येतात. हेदरचा मध इतका घट्ट असतो, की बरणी उलटी केली तरी तो लवकर हलत नाही.

येथे थोडा रसभंग करतो. आम्ही सहा मित्र दिवसभर धारेवर चाललो आणि प्रत्येकाने निदान एकदा तरी ‘किती अस्पर्श निसर्ग’ असे उद्गार काढले, परंतु हा निसर्ग अस्पर्श नाही. ग्राउसला कोवळे कोंब मिळावेत म्हणून जुना, लाकूड झालेला हेदर हिवाळ्यात पट्ट्यापट्ट्यांनी जाळतात आणि म्हणूनच डोंगर दुरून गोधडीसारखा दिसतो. आग आणि मेंढ्या दोन्ही थांबल्या, तर अनेक ठिकाणी बर्च आणि रोवनची झाडे उगवू लागतील. खोल पीटवर जाळण्यावर इंग्लंडमध्ये २०२१पासून निर्बंध आले आहेत. हे कळल्यावर सौंदर्य कमी झाले का, यावर आमचे परतीच्या गाडीत भांडण झाले. माझ्यापुरते ते कमी झाले.

एडिनबरामधून

शहराला लागून असलेल्या पेंटलंड टेकड्यांवर फ्लॉटरस्टोनहून चढायला सुरुवात केली, की टर्नहाउस, कार्नेथी, स्कॉल्ड लॉ, ईस्ट किप आणि वेस्ट किप असे पाच माथे ओळीने येतात. प्रत्येक माथ्यानंतर पुन्हा खिंडीत उतरावे लागते, त्यामुळे ५७९ मीटरच्या स्कॉल्ड लॉपर्यंत पोहोचताना पाय त्याच्या दुप्पट चढल्यासारखे दुखतात. आम्ही चार मैत्रिणी होतो आणि त्यांतल्या एकीचे वाईहून आलेले वडील. त्यांना आम्ही सगळ्या काकाच म्हणतो. ब्लेबेरी खाऊन आमच्या जिभा जांभळ्या झाल्या होत्या आणि काका मात्र हेदरच्या काड्या वाकवून पाहत होते. “आमच्याकडे असता, तर याचे खराटे बांधले असते,” असे ते म्हणाले आणि आम्ही हसलो. त्यानंतर एकीने फोनवर शोधले, तेव्हा स्कॉटलंडमध्ये पूर्वी खरोखरच हेदरचे खराटे बांधत असत, असे निघाले. काकांनी त्यावर काहीही म्हटले नाही, पण पुढच्या दोन माथ्यांवर ते आमच्या पुढे चालत होते.

वेस्ट किपवर पाच वाजले, तेव्हा आम्ही चौघींनी ‘आता बस’ म्हणून जलाशयांच्या काठाने परतायचे ठरवले. पुढची टेकडी कोणती, असे काकांनी विचारले.