प्रतिसाद: हरभऱ्याचे कोंब खुजे का राहतात?

निपाणीच्या ताईंनी लिहिलंय की ऊतीसंवर्धनात (बाटलीत तुकड्यापासून रोप वाढवताना) थायडायाझुरॉन या कोंब फोडणाऱ्या रसायनावर हरभऱ्याला कोंबांचा झुपका येतो, पण कोंब लांबच होत नाहीत. ताई, कोंब फोडायला ते जबरदस्त आहे, पण फार दिवस ठेवलं की कोंब खुजे, जाड नि काचेसारखे होतात. हिरवे ठिपके उठले की झुपका थायडायाझुरॉन नसलेल्या माध्यमावर (बाटलीतल्या पोषक मिश्रणावर) घ्या. त्यात कमी बीएपी (हेही कोंब फोडणारं रसायन), जोडीला कोंब लांबवणारं थोडं जिबरेलिक आम्ल. हे आम्ल उष्णतेने बिघडतं, म्हणून गाळून निर्जंतुक करा आणि माध्यम कोमट झाल्यावरच घाला.

मुळं फुटणं हे खरं दुखणं आहे. स्कूग-मिलर या शास्त्रज्ञांचं १९५७ चं ऑक्सिन-सायटोकायनिन गुणोत्तर (मुळं फोडणारं ऑक्सिन नि कोंब फोडणारं सायटोकायनिन यांचं प्रमाण) तंबाखूवरचं, हरभरा त्याला सहज दाद देत नाही. आयबीए या ऑक्सिननेही जमलं नाही तर सरळ कोंबाचं कोवळ्या रोपावर कलम बांधा. आणि आमच्या खानापूरकडच्या दमट पावसाळ्यात रोपं बाटलीतून बाहेर काढूच नका, बुरशी गाठते.