म्युझियममधले जुने कपडे नीट बघायचे कसे? (नाटकाच्या कपड्यांसाठी)

सुईदोरा_नाशिक
नमस्कार मंडळी, मी नाशिकला ब्लाऊज-ड्रेस शिवायचं काम करते आणि गेली बरीच वर्षं आमच्या हौशी नाट्यसंस्थेचे कपडे पण मीच बघते. पुढच्या वर्षी आम्ही सवाई माधवरावांच्या काळातलं नाटक घेतोय आणि मला या वेळी मालिका बघून कपडे शिवायचे नाहीयेत. सगळ्यांना तेच भडक सॅटिन, तीच तयार पगडी, मागे चेन लावलेला अंगरखा. खरे जुने कपडे बघून, समजून घेऊन शिवायचेत.

आता अडचण अशी की मी जिथे जिथे म्युझियममध्ये कपडे बघितलेत तिथे काचेच्या आत, अंधारात, पुतळ्याला घातलेला फक्त पुढचा भाग दिसतो. मला हवं असतं बाही कशी जोडलीय, काखेत काय केलंय, अस्तर आहे का, घेर कळ्यांचा आहे की चुण्यांचा, आणि तेच दिसत नाही. बाहेर पाटीवर लिहिलेलं असतं 'अंगरखा, रेशीम, १९वे शतक'. बस.

तर कुठली म्युझियम्स बघावीत, आणि बघताना तुम्ही नेमकं काय बघता? मे महिन्यात नणंदेकडे लंडनला पण जाणार आहे, तिथलं काही असेल तर तेही सांगा. ते मोठ्या डिझायनर लोकांचे फॅशन एक्झिबिशन असतात त्याचा मला काही उपयोग होईल का हेही सांगा, कारण तिकिटं महाग असतात.

पेठेतला_जुना
ताई, सुरुवात पुण्यातूनच करा. शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय. दिनकर केळकरांनी (कवी 'अज्ञातवासी' ते हेच) मुलाच्या, राजाच्या, आठवणीत एकेक वस्तू जमवली, आणि ती घराघरातली आहे म्हणून तुम्हाला उपयोगी. तिथे फक्त कपडे बघू नका, दिवे, पानाचे डबे, अडकित्ते, दागिने सगळं बघा, कारण स्टेजवर माणूस हातात काय धरतो, कंबरेला काय खोचतो यावरून शेला कसा बांधायचा ते ठरतं. मस्तानी महालाचे अवशेष कोथरूडहून आणून आत परत उभे केलेत, तिथे थोडा वेळ बसा, त्या उंचीच्या खोलीत घेरदार कपडा कसा दिसत असेल याचा अंदाज येतो.

दुसरं, मुंबईत भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. १८७२ सालचं. तिथे वेगवेगळ्या जातीजमातींचे लोक, त्यांचे कपडे, पगड्या-पागोटी मातीच्या छोट्या मूर्तींत दाखवलीयत. तुमच्या नाटकापेक्षा हा काळ पुढचा आहे हे मान्य, पण कुठल्या माणसाची पगडी कशी हा फरक डोळ्यांत बसायला याच्यासारखी जागा नाही. जायच्या आधी चालू आहे का ते बघून घ्या, बुधवारी बंद असतं.

आणि एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. म्युझियममध्ये जे उरलंय ते सरदार-श्रीमंतांचं, लग्नातलं, जपून ठेवलेलं. शिपाई, कुळंबीण, पाणक्या यांचे कपडे उरलेच नाहीत, अंगावर फाटले आणि नंतर त्यांच्या गोधड्या झाल्या. त्यामुळे म्युझियम बघून नाटकातली सगळी पात्रं जरीत मढवू नका.

उभाआडवा
मी वस्त्र-संवर्धनाचं काम करते म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

अंधार मुद्दाम असतो. कापडावर साधारण ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) वर प्रकाश टाकत नाहीत, आणि रेशीम आणि नैसर्गिक रंग यांचं उजेडाने झालेलं नुकसान परत भरून येत नाही, म्हणून एक कपडा काही महिने बाहेर ठेवला की पुढे कितीतरी वर्षं पेटीत विश्रांतीला जातो. त्यामुळे तुम्ही मागच्या वेळी बघितलेला अंगरखा या वेळी नसेल तर तो हरवला नाहीये. दालनात शिरल्यावर लगेच बघायला लागू नका, पाच-सात मिनिटं तशीच थांबा, डोळे सरावले की जरीची वीण पण दिसायला लागते.

मग मी काय बघते: आधी खाली वाकून घेराची कड. तिथे अस्तर डोकावतं, गोट कुठल्या कापडाचा आहे ते कळतं, आणि पुष्कळदा जुन्या टाक्यांची भोकं दिसतात म्हणजे कपडा नंतर आखूड केलाय किंवा उसवून दुसऱ्या मापाचा केलाय. असे बदल म्हणजे खजिना आहे, कारण जिथे बदललंय तिथेच शिवण समजते. मग काख. आपल्या जुन्या कपड्यांत बाही गोल कापून बसवलेली नसते, बाही सरळ आणि काखेत वेगळा चौकोनी तुकडा, त्यामुळे हात वर केला तरी सगळा कपडा वर ओढला जात नाही. तुमच्या नटांना हे लगेच जाणवेल, हातवारे बदलतात. मग छातीवरचा आतला पडदा (पुढे उघड्या भागाखाली येणारा कापडाचा तुकडा) आणि बंद.

पुतळ्यावर विश्वास ठेवू नका. पुतळा कपड्याच्या मापाने आत भरून तयार केलेला असतो, ते त्या माणसाचं शरीर नव्हे. आणि 'पूर्वीची माणसं किती बारीक होती' हे जे लोक म्हणतात त्यातही गडबड आहे, मोठ्या मापाच्या कपड्यातून दुसरं काहीतरी शिवता येतं म्हणून ते वापरून संपतात आणि छोटे मागे राहतात. जयपूरच्या सिटी पॅलेसमध्ये मुबारक महालात तिथले राजे सवाई माधोसिंह पहिले यांचे कपडे आहेत, ते बघाच, त्या रुंदीत दोन-तीन माणसं मावतील.

तुमच्या नाटकासाठी अजून दोन गोष्टी. एक, रंग. पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने कृत्रिम जांभळा रंग काढला १८५६ साली आणि झगझगीत राणी कलर त्याच्या मागून आला. सवाई माधवराव गेले १७९५ ला. म्हणजे तुमचे रंग नीळ, मंजिष्ठ, लाख, हळद यांतून निघणारे हवेत. त्यात लाल भरपूर खुलतो, त्यामुळे नाटक फिकं दिसेल ही भीती बाळगू नका. दोन, टाका. शिलाई मशीन नव्हतंच, तेव्हा निदान जिथे प्रेक्षकाला दिसतं, गळा आणि कड, तिथे हाताने शिवा.

साबरमतीकर
अहमदाबादचं कॅलिको म्युझियम कुणी लिहिलं नाही अजून?? गौतम साराभाई आणि गिरा साराभाई यांनी १९४९ मध्ये सुरू केलेलं, आता शाहीबागेत साराभाईंच्या वाड्यात आहे. मुघल काळापासूनचे दरबारी पोशाख, पटोळी, कलमकारी, काश्मिरी शाली, अख्खे तंबू. आमच्याकडे महाराष्ट्रातून पाहुणे आले की मी त्यांना आधी हे विचारतो, बुकिंग केलंय का, कारण आयत्या वेळी जाऊन आत सोडत नाहीत. ठराविक लोकांचीच गाइडेड टूर असते, आधी बरेच दिवस नोंदवावं लागतं, बुधवारी बंद, फोटो अजिबात नाही, लहान मुलांना घेत नाहीत. टूर गाइडच्या वेगाने चालते म्हणून मी सांगेन की सगळं बघायचा मोह सोडा, पोशाखांच्या खोलीत सगळ्यात पुढे उभं राहा आणि बाहेर पडल्या पडल्या बागेत बसून चित्र काढून ठेवा, घरी येईपर्यंत निम्मं विसरायला होतं.

पूर्व_लंडनची_वहिनी
सुईदोरा, मे मध्ये येतेयस तर ऐक, तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट) म्युझियमने ३१ मे २०२५ ला पूर्व लंडनमध्ये ऑलिंपिक पार्कात स्टोअरहाऊस उघडलंय, म्हणजे त्यांचं गोदामच लोकांसाठी खुलं केलंय. प्रवेश फुकट. तिथे 'ऑर्डर अ‍ॅन ऑब्जेक्ट' अशी सोय आहे, त्यांच्या वेबसाइटवरच्या संग्रहातून तुला हव्या त्या ५ वस्तू निवडायच्या, निदान दोन आठवडे आधी वेळ घ्यायची, आणि त्या दिवशी ते तुझ्यासाठी टेबलावर काढून ठेवतात. काच नाही!! उघडल्यानंतर लोकांनी सगळ्यात जास्त मागितलेला होता १९५४ चा बॅलेन्सियागा या डिझायनरचा गुलाबी टाफेटा (कडक रेशमी कापड) गाऊन, पण तू आपले कपडे माग. वेबसाइटवर अंगरखा, जामा, टर्बन, मराठा, पूना, डेक्कन असं सगळं टाकून शोध, प्रत्येक वस्तूचा नंबर असतो तो लिहून ठेव. सगळ्याच वस्तू मिळतात असं नाही, म्हणून ५ पेक्षा जास्त हेरून ठेव.

आणि एक, कपडा नाही पण तुझ्या नाटकासाठी सोनं आहे. टेट ब्रिटन या लंडनच्या कलासंग्रहालयाकडे टॉमस डॅनिएल या इंग्रज चित्रकाराचं मोठं पेंटिंग आहे, १७९० साली पुण्याच्या दरबारात इंग्रजांचा वकील मॅलेट आणि सवाई माधवराव यांच्यात तह होतोय. पूर्ण केलं १८०५ ला. डॅनिएल स्वतः तिथे नव्हता, पण जेम्स वेल्स पुण्यात राहून चित्रं काढायचा त्याच्या स्केचेसवरून केलंय. कोण कुठे बसलंय, पागोटी, शेले, सगळं. भिंतीवर लावलंय का ते आधी वेबसाइटवर बघ. वेल्सने काढलेलं सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांचं चित्र रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे, तेही इथे लंडनमध्येच.

बीकेसी_लोकल
डिझायनर एक्झिबिशनबद्दल माझं स्पष्ट मत, तुमच्या कामासाठी पैसे घालवू नका. झगमगाट, संगीत, सेल्फी, आणि कपडा कसा शिवलाय याबद्दल पाटीवर एक ओळ नसते.

उभाआडवा
असं सरसकट नका म्हणू. २०२३ मध्ये मुंबईत बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलात) 'इंडिया इन फॅशन' झालं होतं, त्यात १८व्या शतकात आपली मलमल आणि छिंट (छापील सुती कापड) युरोपात जाऊन तिथे त्यांचे झगे कसे झाले तिथपासून डिओर-शनेलपर्यंत एका रांगेत लावलं होतं. शिवण शिकायला नाही पण कापड कसं पडतं, मलमलीला किती मीटर लागल्यावर वजन येतं, हे समोर कपडा असल्याशिवाय कळत नाही. नाटकवाल्यांनी तर अशा ठिकाणची प्रकाशयोजना पण बघावी.

सुईदोरा_नाशिक
बापरे किती दिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. वहिनी, मी आजच रात्री बसून वेबसाइट उघडते. उभाआडवा ताई, एक विचारायचं राहिलं, अंगरख्याचे बंद डावीकडे की उजवीकडे? आमचे दिग्दर्शक म्हणतात कुठेही बांधा, लांबून काय कळतंय. आणि भारतातल्या म्युझियममध्ये असं टेबलावर काढून दाखवतात का?

उभाआडवा
लांबून कळतं. मुघल काळापासून जाम्याचा (अंगरख्यासारखाच बंदांचा घेरदार झगा) संकेत असा की मुसलमान उजव्या काखेखाली बांधायचे आणि हिंदू डाव्या काखेखाली, चित्रांत माणूस ओळखायला हीच खूण वापरतात. तुमच्या नाटकात निजामाचा वकील आणि पुण्याचे मुत्सद्दी समोरासमोर बसले तर हा फरक दिसायलाच हवा. डॅनिएलच्या चित्रात एकेक माणूस घेऊन तपासा आणि मग ठरवा.

आपल्याकडे वेबसाइटवरून मागवायची सोय सहसा नसते, पण पत्र लिहून विचारता येतं. संग्रहालयाच्या संचालकांच्या नावाने लिहा, संस्थेच्या लेटरहेडवर, आणि 'जुने कपडे दाखवा' असं मोघम नको. कुठल्या काळातला, कुठला प्रकार, त्यात काय मोजायचंय (घेर, बाहीची लांबी, काखेचा तुकडा, बंदांची जागा) हे लिहा, कपड्याला हात लावणार नाही आणि फ्लॅश वापरणार नाही हेही लिहा. दोन-तीन महिने हाताशी ठेवून पाठवा. गेलात तर अंगठ्या-बांगड्या काढून जा, पेन नको पेन्सिल न्या, आणि मापाची टेप कापडी न्या, लोखंडी नको.